देवीच्या घटातले बुटके गहू

आमच्या घरात पाण्याचा नळ पहाटे साडेपाचला यायचा आणि सातला जायचा, त्यामुळे घराचा दिवस नळावरच बेतलेला होता. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात दगडाची पायरी आणि पायरीला लागून शेजारच्या देशकरकाकूंची भिंत. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते सकाळी मफलर गुंडाळून सायकल काढायचे आणि जाता जाता दाराशी नेहमीचं एकच वाक्य बोलायचे, "चाललो गा." हे ते घरातल्या आम्हा तिन्ही बायकांना उद्देशून म्हणायचे, आणि गा हा पुरुषांना लावायचा शब्द आहे हे आईनं त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. थोरली कुसुमताई धंतोलीत टायपिंग शिकवायला जायची. मी वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होते. घरात कुठली वस्तू संपली, कोणाकडे काय पोचवायचं, कोणत्या दिवशी काय करायचं, याच्या याद्या करायचं काम माझ्याकडे होतं. ते मला कोणी दिलेलं नव्हतं, मीच घेतलं होतं. आजही फ्रीजवर माझी यादी असते आणि ती वाचून माझी सून हसते. हसू दे. पण त्या वर्षीच्या नवरात्रात जे झालं ते एका यादीमुळेच झालं, हेही मला मान्य आहे.

माझा प्रयोग सांगायला सोपा होता. गव्हाचं बी पेरण्याआधी काही तास एखाद्या द्रावणात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, मग कुंडीत पेरायचं. द्रावणं तीन. एक साधं पाणी. दुसऱ्यात जिबरेलिन, म्हणजे रोपाला उंच करणारं संप्रेरक. तिसऱ्यात त्याच्या उलट काम करणारं औषध, रोपात हे उंची वाढवणारं संप्रेरक तयारच होऊ न देणारं. त्यानं रोप बुटकं, जाड आणि गर्द हिरवं होतं. मग सगळ्या कुंड्यांचं पाणी तोडायचं आणि कोणतं रोप किती दिवस तग धरतं ते मोजायचं. उंच रोप आधी झपाट्यानं वाढतं पण तहान सोसत नाही, बुटकं बहुधा सोसतं, असा आमच्या सरांचा अंदाज होता. "बहुधा" या शब्दावर ते फार जोर द्यायचे. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "म्हंजे एक औषध लांब करते अन् एक बुटकं. मंग तुह्या नागूमामाले देवानं दुसरंच पाजलं व्हय." नागूमामा तिचा सख्खा भाऊ, उंची जेमतेम पाच फूट. त्या दिवशी तो जेवायला आमच्याकडेच होता आणि तोच सगळ्यात मोठ्यानं हसला.

त्याच दिवसांत घरात दुसराही एक विषय चालला होता, पण दबक्या आवाजात. कुसुमताईला कामठीच्या बसमध्ये एक मास्तर भेटायचे. वसंत नाव. कामठीच्या एका शाळेत गणित शिकवायचे, आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेले. ताईनं घरी सांगितलं तेव्हा बाबा सुपारी कातरत राहिले आणि आई म्हणाली, "घर पाह्यलं नाही, सासू नाही, सासरा नाही. कोणाले विचारावं माणूस कसा आहे म्हणून?" ताईनं विचारलं, "मले विचार न." त्यावर आईनं तिच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. वसंतरावांच्या काकांचं पोस्टकार्ड आलं, कोजागिरीच्या दुपारी भेटायला येतो, तुमचं काय ते कळवा. आईनं कार्ड देवघरात ठेवलं आणि निर्णय सांगितला, "नवरात्रात घट बसते. देवीच सांगन."

आईचा घट हा आमच्या ओळीत प्रसिद्ध होता. परडीत काळी माती, मधोमध कलश, मातीत रात्रभर भिजवलेले गहू. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, त्यामुळे अंकुर पिवळसर आणि उंच यायचे. पाचव्या माळेला चार बोटं, नवव्या माळेला वीतभर. धान उंच आलं की वर्ष चांगलं, खुरटलं की देवी नाराज. आईनं या मोजमापावर आयुष्यातले दोन मोठे निर्णय घेतलेले होते, आणि दोन्ही बरोबर ठरले असं तिचं म्हणणं होतं. तिसरा आता ताईचा होता.

सर्वपित्रीचा दिवस म्हणजे स्वयंपाकघराची कसोटी. वडे, कढी, भजी, अळूची भाजी, खीर. सकाळपासून तेलाचा वास, आणि कावळा येत नाही म्हणून नागूमामाची गच्चीवरून आरडाओरड. माझ्या यादीत त्या दिवशी अकरा कामं होती. नववं होतं आईचे घटाचे गहू भिजवणे. दहावं होतं माझे गहू भिजवणे, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप, आणि माझ्या भिजवण्याचे तास सकाळी सहाला संपायला हवे होते. मी डब्यातून आईचे गहू काढून सुपात ठेवले आणि नऊवर खूण केली. इथे माझी एक सवय सांगायला हवी. मी काम सुरू केलं की खूण करायचे, संपल्यावर नाही. तोवर ती सवय कधी नडली नव्हती. तेवढ्यात जेवायला माणसं आली, पानं वाढायची होती, आणि सुपातले गहू सुपातच कोरडे राहिले. रात्री झोपण्यापूर्वी मी दहावं काम मात्र नीट केलं. मोठी भांडी सगळी घासायला पडलेली, म्हणून आत्यानं दिलेल्या तीन एकसारख्या स्टीलच्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत एकेक द्रावण, प्रत्येकीत मोजून शंभर दाणे, आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी. वरून ताट झाकलं. सकाळी आईला सांगायचं असं ठरवलं. यादीत अकरावं काम तेच होतं.

सकाळी मी नळावर भांडी भरायला गेले. परत आले तर ओटा धुऊन लख्ख. घट बसवायचा म्हणून आईनं पहाटेच ओटा धुतला होता. दोन वाट्या घासून पालथ्या. तिसऱ्या वाटीत उरलेले सगळे गहू एकत्र. चिठ्ठ्यांचा लगदा मोरीत. आणि देवघरात परडीतली माती ओली, कलश मांडलेला, पहिली माळ बांधलेली.

मी विचारलं, "आई, गहू कोणत्या वाटीतले घेतले?"

"पुढच्या."

"पुढची कोणती?"

"पुढची म्हंजे पुढची वं. का मधली होती? मी वाट्या उचलून ओटा पुसला न. अन् सुपातलेही घातले मूठभर." मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "काहून? तूच भिजवले न माह्या घटासाठी? यादीत लिहिलं होतं, खूणही होती. मोठं भांडं नव्हतं म्हणून तीन वाट्यांत घातले, असं वाटलं मले."

मी हो म्हणाले. का म्हणाले, तेव्हाही कळलं नाही. घट बसला होता, आई सोवळ्यात होती, मांडलेला घट मोडायचा नसतो. आणि नुकसान माझंच आहे, तिनं काय वाईट केलं, असा काहीतरी विचार डोक्यात आला असावा. सरांना मी सुट्टीनंतर खरं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "नमुना देवीला गेला असं लिहा. पुन्हा भिजवा." एवढ्यावर ते सुटलं.

घटाचं मात्र सुटलं नाही. तिसऱ्या माळेला अंकुर दिसले, आणि पाचव्या माळेला परडीत जे दिसलं ते आईनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. काही अंकुर नेहमीसारखे लांब, पिवळे. पण बरेचसे बोटाच्या एका पेराएवढे, जाड, गर्द हिरवे, आणि हट्टानं तिथेच थांबलेले. न्हाव्यानं अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखी परडी दिसत होती. देशकरकाकू आरतीला आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं माय! काहून वं, यंदा देवी रुसली का?" आरतीत आईचा आवाज नेहमी सगळ्यात वर असायचा, त्या दिवशी तो ऐकूच आला नाही. उपासाची भगर आणि दाण्याची आमटी तिनं सगळ्यांना वाढली, स्वतः पाणी पिऊन उठली. सातव्या माळेला ती ताईला म्हणाली, "कामठीवाल्याईले नाही कळवून टाकू." ताईच्या हातात राजगिऱ्याची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली, साडीचा पदर नीट केला, आणि टायपिंगला निघून गेली. त्या दिवशी सुट्टी होती. क्लास बंद होता. संध्याकाळपर्यंत ती कुठे बसली होती हे तिनं अजूनही सांगितलेलं नाही.

मी वहीचं पान काढलं आणि मधे रेघ मारली. डावीकडे, सांगितलं तर काय होईल. उजवीकडे, नाही सांगितलं तर. डावीकडे लिहिलं, घट बाटला असं आई म्हणेल, नऊ दिवसांचं व्रत वाया. उजवीकडे लिहिलं, ताई. पुढे काही सुचेना. कारण खरी अडचण दोन्ही रकान्यांत बसत नव्हती. मला मुळात ठाऊकच नव्हतं. आईनं बुटकं करणाऱ्या वाटीतलेच दाणे घेतले का? का साध्या पाण्यातले, आणि खुरटण्याचं कारण वेगळंच? माती यंदा बुटीबोरीकडच्या शेतातून आणली होती, ती चिकट होती. काही दाणे खोल गेले असतील. मी देवाला मानते की नाही हेही मला तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. सकाळी प्रयोगशाळेत मी एका प्रकारे विचार करायचे आणि संध्याकाळी आरतीत टाळ्या वाजवताना दुसऱ्या, आणि दोन्ही वेळा मनापासून. परडीसमोर उभी राहिले की दोन्ही एकदम यायचे आणि काही म्हणजे काही समजायचं नाही.

अष्टमीला सकाळी आई फुलं निवडत होती, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाट्या, औषधं, यादीतली खूण. मला वाटलं ती रागावेल. तिनं झेंडूच्या पाकळ्या बाजूला केल्या आणि विचारलं, "मंग हे बुटकं धान तुह्या औषधानं झालं, का देवीनं केलं?"

"मले माहीत नाही."

"माहीत नाही? मंग शिकून काय राहिली तू?"

"औषधानं असंच होते, आई. पण तू औषधाचेच घेतले की नाही, ते मले नाही माहीत."

"मलेही नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा फुलं निवडू लागली. मग मी तिला पाणी तोडण्याबद्दल सांगितलं. बुटके जर औषधाचे असतील तर ते कोरड्यात जास्त टिकायला हवेत. तिनं कानावर हात ठेवले. "देवीचा घट तहानेला ठेवू? पागल झाली का?" पण दसऱ्याला घट हलवला, लांबसडक अंकुर खुडून देवाला वाहिले, बाबांच्या टोपीत खोवले, आणि मग परडी तिनं स्वतः उचलून मागच्या पायरीवर आणून ठेवली. "उठवला घट म्हंजे आता माती. आता तुही." दर वर्षी ती परडी त्याच दिवशी तलावावर जायची. त्या वर्षी नागूमामा न्यायला आला तर आईनं त्याला सोनं दिलं, चहा दिला आणि परडीबद्दल चकार शब्द काढू दिला नाही.

ऑक्टोबरची उन्हं नागपुरात काही कमी नसतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेले लांब अंकुर माना टाकू लागले. ताई आतल्या खोलीतून पायरीकडे यायची, बघायची, परत जायची. तिला मी काय करते आहे ते सांगितलेलं होतं. ती एकदाच म्हणाली, "मंदा, माह्या लग्नाचं काम तू गव्हावर सोपवलं का?" मी म्हणाले, ते आईनं आधीच सोपवलं होतं, मी फक्त गव्हाला विचारते आहे. ती हसली नाही. मीही हसले नसते. तिसऱ्या दिवशी माती भेगाळली. चौथ्या दिवशी, कोजागिरीच्या आदल्या सकाळी, आई पदर खोचून पायरीवर येऊन बसली. "सांग आता."

मी मोजलं. लांबातले बहुतेक आडवे, पण दोन अजून ताठ. बुटक्यांतले बरेच उभे, पण तीन करपलेले, आणि उभे होते तेही बरेचसे भिंतीच्या बाजूचे, जिथं देशकरकाकूंच्या भिंतीची सावली दुपारी सगळ्यात आधी पडायची. प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर सरांनी वही परत केली असती. पुढे मी हा प्रयोग कुंड्यांत तीनदा केला. दोनदा बुटकी रोपं स्पष्ट जास्त टिकली, तिसऱ्यांदा सगळी एकाच दिवशी गेली. बहुधा, या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. पण पायरीवर आई समोर बसलेली होती, आणि दाराआड ताईची चप्पल दिसत होती.

"बुटके माह्या औषधाचे होते," मी म्हणाले. "देवीचा काही संबंध नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मला वाटलं होतं की ती सुटकेचा श्वास टाकेल. उलट तिचा चेहरा उतरला. परडीकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे देवीनं काही सांगितलंच नाही."

"नाही."

"हो नाही, अन् नाही बी नाही."

"काहीच नाही."

"मंग आता मी कोणाले विचारू वं?" हे तिनं अगदी हळू विचारलं. आई घाबरू शकते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. नळ गेला तर, तेल संपलं तर, बाबा तापानं फणफणले तर, तिला काय करायचं ते ठाऊक असायचं. त्या सकाळी तिला ठाऊक नव्हतं, आणि तिच्याकडून तो आधार मी काढून घेतला होता, पुरेशा पुराव्याशिवाय.

शेवटी तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली, "कुसुम, ये वं बाहेर. चप्पल दिसून राहिली तुही." ताई आली. आई म्हणाली, "त्याले भाकर चालते का पोळीच लागते?"

ताई गोंधळली. "मले काय माहीत?"

"सहा महिने बसमधी बोलून राहिली, अन् एवढं नाही विचारलं?"

"बसमधी भाकरीचं कोण बोलते, आई!"

"मंग काय बोलता?"

ताई लाल झाली. मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला सुरुवात केली. ते रोज एक जागा धरून ठेवतात. ती आली नाही तर ती जागा कोणाही म्हाताऱ्या माणसाला देतात. एकदा कंडक्टरनं एका बाईशी उद्धटपणा केला तर ते मधे पडले आणि बोलताना अडखळले, कारण रागावले की ते अडखळतात. वर्गात कोणावर हात उगारत नाहीत. आई ऐकत होती. मधे एकदाही तिनं टोकलं नाही. नळ जाऊन तास झाला होता, अर्धी भांडी रिकामी होती, आणि ते तिच्या लक्षात आलं नाही.

कोजागिरीच्या दुपारी वसंतराव काकांसोबत आले. पांढरा सदरा, इस्त्री घरी केलेली, हे कॉलरवरून दिसत होतं. बाबांनी गाड्यांच्या वेळापत्रकाबद्दल बोलून घेतलं आणि गप्प झाले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. तिनं आडवळण घेतलं नाही. भाकर चालते का, आजारी पडला तर कोण पाहते, पोरगी नोकरी करन ते चालन का, राग आला तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला ते अडखळले, "मी, मी बाहेर चक्कर मारून येतो." आई म्हणाली, "कामठीत चक्कर माराले जागा आहे?" काका मोठ्यानं हसले. वसंतराव गंभीरपणे म्हणाले, "छावणीपर्यंत जाता येते." आईनं मान डोलावली, जणू हे उत्तर तिला हवं तेवढंच होतं. पोह्यांची दुसरी बशी तिनं स्वतः त्यांच्यापुढे सरकवली.

ते गेल्यावर आम्ही तिघी स्वयंपाकघरात संध्याकाळच्या दुधाची तयारी करत होतो. पातेल्याला उकळी येत होती, वेलची कुटायची होती, बाबा बाहेर सायकल पुसत काहीतरी गुणगुणत होते. आई दूध ढवळत म्हणाली, "पटला मले." ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आई तिच्याकडे न बघता पुढे म्हणाली, "अन् उद्या काही चुकलं, तर ते माह्यावर. देवीवर नाही, घटावर नाही. मी पाह्यला, मी हो म्हणलं."

माझ्या हातात वेलची होती. तुझ्यावर नाही, माझ्यावर, हे शब्द ओठांपर्यंत आले. आदल्या सकाळी जे वाक्य मी पक्कं म्हणून सांगितलं होतं, ते पक्कं नव्हतं, हे तिला सांगायची तीच वेळ होती. ताई रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि आई पातेल्याकडे इतक्या शांतपणे बघत होती की मी विचारलं, साखर किती घालू.

"बेतानं," आई म्हणाली.